नळीबाहेर पडेपर्यंत बंद

६ जानेवारी २०२५, सोमवार

तीन उघडली. उघडायला नको होती, आणि उघडली.

सकाळी पहिलाच ट्रे होता. टेस्टिंगच्या मशीनवर — सगळे त्याला भमरडो, म्हणजे भोवरा, म्हणतात — नव्या लॉटमधली शटर लावली, कमी वेगावर फिरवली. कमी वेगावर शटरने गप्प बसायचं असतं. तीन बसली नाहीत.

मंदारला बोलावलं. तपासणी माझ्याकडे, प्रॉडक्शन त्याच्याकडे; माल वेळेत जायला हवा ही काळजीही त्याची. आला, मशीनवर हात ठेवला, डोळे मिटले, वैद्यासारखा. "मशीन हलतंय, श्वेता मॅडम. पायाखाली रबर घाला."

घातलं रबर. उद्या परत.

७ जानेवारी, मंगळवार

मशीन हलत नाही. मागच्या लॉटची शटर लावली — एकही उघडलं नाही. मग नवी लावली — आणखी दोन उघडली. मंदार म्हणे, "आज थंडी आहे, त्याने फरक पडतो." सुरतेत कसली थंडी! माणसं पंखा लावून झोपतात.

दुपारी घनश्यामभाई स्वतः आले. मालक. आधी सूत कातायच्या मशीनचे स्पिंडल बनवायचे, तीन वर्षांपूर्वी हे काम मिळालं. माणूस वाईट नाही. पण त्यांचं वाक्य इथे लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही — "बेन, शटर उघडायलाच बनवलंय ना? मग जरा लवकर उघडलं तर काय झालं? तमे तो बहु लांबुं विचारो छो." फार लांबचा विचार करते म्हणे मी.

जरा लवकर.

इथे शांतपणे लिहून काढते, म्हणजे उद्या शांतपणे सांगता येईल. तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो, त्यात आमचं शटर. नखाएवढं. पेट घेणारी गोळी आणि आतली दारू यांच्या मध्ये ते आडवं उभं असतं. ते आडवं आहे तोवर गोळा हातातून पडला, ट्रकमधून घरंगळला, तरी फुटायला नको. त्याला दोन कुलपं. पहिलं सुटतं तोफ उडाल्याच्या दणक्याने. दुसरं सुटतं गोळा जोरात गरगर फिरायला लागला की. त्यानंतरही शटर सावकाश वळतं, म्हणजे तोवर गोळा तोफेपासून लांब गेलेला असतो. नळीत असताना वळलं तर? नळीशेजारी माणसं उभी असतात. आपली.

एवढंच आहे. आमच्या शटरचं खरं काम उघडणं नाहीच. बंद राहणं आहे. हे कारखान्यात कुणाला सांगून पटत नाही, कारण उघडलेलं दिसतं, बंद राहिलेलं दिसत नाही.

८ जानेवारी, बुधवार

सांगितलं. शांतपणे नाही जमलं.

१० जानेवारी, शुक्रवार

मंदारने नवा शोध लावला. मशीन नाही, थंडी नाही — आता म्हणे सुंदराचा हात. हा लॉट तिच्या टेबलावर जुळवलाय, म्हणून. सगळ्यांसमोर म्हणाला, "बाया गप्पा मारत काम करतात, मग असंच होणार."

सुंदरा शिरपूरकडची, घरी अहिराणी बोलते. माझं माहेर धुळ्याचं म्हणून माझ्याशीही. ती उठली, हातातला चिमटा खाली ठेवला. "ताई, मना हातनी चूक व्हई ते माले दखाडा." दाखवा म्हणाली, बस. मंदारकडे बघितलंही नाही.

तेव्हा मी तिच्या टेबलावरची दहा शटर तिच्यासमोरच उघडली. जुळणी चोख. मग स्प्रिंग काढून दाबून मोजल्या. दुसऱ्या कुलपाची स्प्रिंग मऊ! थोडीथोडकी नाही, हाताला कळावी इतकी. जुन्या लॉटची शेजारी ठेवून मोजली, ती ठीक.

"ही स्प्रिंग कुठली?" मंदारला विचारलं.

छताकडे बघत म्हणाला, जुन्या स्प्रिंगवाल्याचं मशीन बंद पडलं होतं, माल अडला असता, म्हणून उधन्यातल्या दुसऱ्याकडून घेतल्या. नमुना चांगला होता.

"मला सांगितलं का नाही?"

"स्प्रिंगच आहे, मॅडम. त्यात काय सांगायचं?"

आणि चार दिवस मी मशीनखाली रबर घालत बसले होते. सुंदराची माफी कुणी मागितली नाही. मी मागितली, तर तीच अवघडली.

११ जानेवारी, शनिवार

अख्खा लॉट अडवून ठेवला; माझ्या सहीशिवाय तो जात नाही. लाल पट्टी लावली. मंदारने काढली. परत लावली.

१२ जानेवारी, रविवार

रविवारी तरी डोकं रिकामं राहावं. पराग सकाळी जाऊन पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, घेऊन आला, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. गच्चीवर बसून खाल्ला. सासूबाईंनी विचारलं, "त्या कारखान्याचं काय झालं गं? झोपेत बोलतेस तू."

सांगितलं. सासूबाई नीट ऐकतात, मध्येच टीव्हीकडे बघत नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुमची वस्तू चालली तर कुणाला कळत नाही, आणि नाही चालली तर सगळ्या जगाला कळतं."

"हो, आई."

"मग तुला शाबासकी कोण देणार?" आणि पोंक निवडू लागल्या.

पराग नवरा नंतर, आधी बँकेतला माणूस; सह्या करण्यातच त्याची वीस वर्षं गेली. तो म्हणाला, "तू सही केली नाहीस तर दुसरा कुणीतरी करेल. माल जायचा तो जाईलच. मग तू कशाला वाईट व्हायचं?" चिडून नाही, काळजीनेच म्हणाला. त्याचाच जास्त राग आला. काळजीने बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

१४ जानेवारी, उत्तरायण

आमची सगळी डिंडोली पतंग घेऊन गच्चीवर. कानात लाउडस्पीकर, आणि त्यातच घनश्यामभाईंचा फोन. आधी शुभेच्छा. मग, "बेन, वीस तारखेला गाडी लावतोय." मला ऐकू येत नाही म्हटलं. खरंच येत नव्हतं.

१६ जानेवारी, गुरुवार

मीटिंग. घनश्यामभाई, मंदार, मी आणि माझ्या हाताखालचा ललित. चहा दोनदा आला.

मंदार म्हणाला, पहिलं कुलूप तर शाबूत आहे ना. दणका बसल्याशिवाय काहीच सुटत नाही. मग दुसरं थोडं सैल असलं तर?

मी म्हटलं, दोन दिलीत कारण कधीतरी एक दगा देतं. एकावरच भागलं असतं तर दुसरं बनवायला आपल्याला काम कशाला दिलं असतं?

घनश्यामभाई हसले. मला वाटलं पटलं. पण ते हसले "काम कशाला दिलं असतं" याला.

मग मंदारने खरी गोष्ट काढली. म्हणे, मशीनवर लावायचा नमुना आपणच उचलतो ना? मग तिसऱ्या खोक्यातून उचला. त्यात अजून जुन्या स्प्रिंगा आहेत. नमुना पास, लॉट पास. खोटं काहीच नाही, मॅडम — नमुना लॉटमधलाच आहे.

खोटं काहीच नाही!

मी घनश्यामभाईंकडे बघितलं. ते कपातली साय बोटाने बाजूला सारत होते. म्हणाले, "एकदाच. पुढचा लॉट जुन्या स्प्रिंगचा. तुम्हाला शब्द देतो." त्यांच्याही कपाळावर घाम होता. उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल, दीडशे माणसं आहेत, हे मला कळतं. पण त्यांना माझं का कळत नाही?

मी नाही म्हटलं. आणि या सगळ्यात ललित! टेबलाखाली मोबाइल. क्रिकेटचा स्कोअर. मीटिंग संपल्यावर पहिलं वाक्य, "मॅडम, चला, बस चुकेल."

१७ जानेवारी, शुक्रवार

ललितबद्दल लिहायचंच आहे. पांडेसऱ्यात वाढलेला, वडील डाइंग मिलमध्ये. डिप्लोमा केलाय. डोकं चांगलं आहे, पण सगळ्याचं त्याला हसू येतं. माझ्याशी मराठी, मंदारशी गुजराती, मोबाइलशी हिंदी. तीन वर्षं शिकवतेय त्याला. मोजमाप हाताला बसलंय, पण कधी काही मनाला लागलेलं बघितलं नाही. मंदार दटावतो तेव्हा "हा साहेब", मी दटावते तेव्हा "हो मॅडम". वैशाखात लग्न आहे, मुलगी नंदुरबारची. सध्या सगळं लक्ष तिकडे.

आज बसमध्ये शेजारी येऊन बसला. कामरेजपासून मोबाइलवर स्कोअर. मग अचानक, "मॅडम, तोफेजवळ किती माणसं असतात?"

मी इतकी वैतागलेली होते की म्हटलं, "तुला काय करायचंय? तू स्कोअर बघ."

"बरं," म्हणाला. आणि बघायला लागला.

१८ जानेवारी, शनिवार

लाल पट्टी परत गायब. विचारलं तर कुणालाच माहीत नाही. दीडशे माणसं, सहा कॅमेरे.

२० जानेवारी, सोमवार

संपलं.

सकाळी गाडी दारात. घनश्यामभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "बेन, तुम्ही थकलात. रजा घ्या. घरी आराम करा, कुठे फिरून या. इथलं ललित बघेल."

मी म्हटलं, "ललित बघेल म्हणजे ललित सही करेल."

"ललित समजूतदार छोकरो छे."

मी काय बोलले आठवत नाही. बरंच बोलले. खुर्चीची पाठ घट्ट धरली होती ते आठवतं. शेवटी म्हटलं, उद्या एखादा गोळा नळीत फुटला तर तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगाल का, जरा लवकर उघडलं म्हणून? फोन आला, तो घेऊन बाहेर गेले. तसेच आपल्या कारमध्ये बसून निघून गेले.

मी टेबलाशी आले. डबा, चष्मा, स्वेटर पिशवीत टाकलं. ललित उभा होता. त्याला म्हटलं, "साहेबांना सांग, मी रजेवर नाही चालले. सोडून चालले. आता तुझं राज्य."

तो जमिनीकडे बघत राहिला. तीन वर्षं शिकवलं! निदान एक शब्द. "मॅडम, थांबा" एवढं तरी. काही नाही. नुसता उभा.

रिक्षाने आले. कंपनीच्या बसमध्ये बसायचं नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

परागला वाटलं होतं मी रडेन. मी माळे साफ केले. तो संध्याकाळी शिडी धरून उभा राहिला.

२२ जानेवारी, बुधवार

घरी बसून चालणार नाही. माल तपासायला जे सरकारी साहेब येतात, त्यांच्या ऑफिसात फोन लावला. ते रजेवर. सोमवारी येतील. दुसरं कुणी आहे? आहेत, पण ते दुसऱ्या मालाचं बघतात. मी सगळं सांगितलं — स्प्रिंग, लॉट, तिसरं खोकं. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कंपनीत काय आहात?"

"क्वालिटीला होते. सोडलं."

"सोडलं? मग आता तुमचा संबंध काय?"

संबंध काय. फोन ठेवल्यावर उत्तरं सुचली, चांगली सहा-सात. नंतर परत लावला तर जेवणाची सुट्टी. मग मेल पाठवला. उत्तर आलं — आपला मेल मिळाला आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

ललितला फोन केला. उचलला नाही. परत केला. कट केला. मोठा मेसेज लिहिला, पुसला. छोटा लिहिला — "तू काय करतोयस ते तुला कळतंय ना?" पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तरुण मुलगा आहे, लग्न तोंडावर आहे. तू त्याच्या जागी असतीस तर?"

मी नसती केली सही. त्याच्या वयातही नसती केली. असं म्हटलं खरं.

२५ जानेवारी, शनिवार

ऑफिसातल्या रश्मीचा फोन. हिशेबाचं बघते, आमच्या भांडणात कधी नसते. "कशा आहात? आराम करताय ना, मॅडम?" आराम! टोमणा होता की काय कोण जाणे. मी सरळ विचारलं, लॉट गेला का?

"गाडी भरली कधीच. खोकी चढवताना मी बघितली."

म्हणजे झाली सही. त्याशिवाय मंदार खोकी चढवणार नाही. ललितनेच केली, दुसऱ्या कुणाची चालत नाही. तिसऱ्या खोक्यातून नमुना उचलताना हसला असेल नेहमीसारखा. "हा साहेब." याला मी मायक्रोमीटर धरायला शिकवला! त्याची बोटं धरून. एवढंही शिकवू शकले नाही की—

जाऊ दे. पराग म्हणालाच होता, दुसरा कुणीतरी करेल. त्याने आज तोंडातून काढलं नाही, पण मला ऐकू येत होतं.

जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं, तेही रागाने परत भांड्यात काढून ठेवलं मी. कुणावर राग आहे तेच कळेनासं झालंय.

२६ जानेवारी, रविवार

टीव्हीवर परेड. तोफा आल्या, एकामागून एक, वर जवान ताठ बसलेले. सासूबाईंनी विचारलं, "यांच्यात तुमचं ते शटर असतं का गं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली.

२७ जानेवारी, सोमवार

सरकारी साहेब रजेवरून आले. फोनवर भेटले. म्हणाले, मेल वाचला, तो लॉट अजून आमच्याकडे पोचलेला नाही, पोचला की बघू. पोचला नाही म्हणजे वाटेत असेल. म्हटलं, नीट बघा, नमुना तुम्ही स्वतः उचला, खोकी बदलून उचला. ते म्हणाले, "मॅडम, आमचं काम आम्हाला येतं." सगळ्यांना सगळं येतं.

दुसरी नोकरी बघायला बसले. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एक आहे, साड्यांना टिकल्या लावायच्या मशीनची. टिकली लवकर पडली तर कुणी मरत नाही. अर्ज केला.

२९ जानेवारी, बुधवार

डिंडोलीच्या भाजीबाजारात सुंदरा भेटली. कामाच्या दिवशी, भर दुपारी! मला वाटलं काढून टाकलं. तर नाही — पाळीचे तास बदललेत. सगळी शटर परत उघडायचं काम चाललंय, स्प्रिंगा बदलायला. जुन्या स्प्रिंगवाल्याचा माल आला.

"पण गाडी तर गेली ना?"

"कोठे गयी? भरी ठेयेल व्हती. काल खाली करी." गाडी दाराशी भरून उभी होती, काल खाली केली.

ललितने सही केलीच नाही. घनश्यामभाई रोज बोलवायचे, मंदार रोज खोकं पुढे सरकवायचा. हा रोज एकच सांगायचा — मॅडम रजेवर आहेत, आल्या की विचारतो. त्याला स्टोअरमध्ये बसवलं, मोबाइल काढून घेतला. तरी तेच. नोकरी सोडली नाही, भांडला नाही. रोज सकाळी बसने गेला आणि माझ्या टेबलाशी उभा राहून नाही म्हणाला. शेवटी घनश्यामभाईंनीच जुन्या स्प्रिंगवाल्याला फोन लावला.

मी सोडून गेले, हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही.

सुंदराने मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि विचारलं, "ताई, तुमनी रजा कव्हय सरी?"

रजा कधी संपणार.

म्हटलं, उद्या.